वर्षाला एकच बाटली

आपल्या बाहेरच्या मराठी घरांच्या आठवणी इथे येतात, त्यात आजीची मेतकुटाची बरणी असते, वाडा असतो, गणपतीची आरास असते. कपाटातली बाटली मात्र कुणाच्याच आठवणीत नसते. ती नव्हतीच असं कसं म्हणायचं? आमच्या बेळगावात तरी होती. माझं वय आता ७४, अण्णा जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

लिहायला कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी मला दोन स्टेंट बसले. डॉक्टर मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काका, अजिबात सोडलीत तर उत्तम. नाहीच जमलं तर महिन्यातून दोनदा, एक लहान पेग. त्याच्या वर एक थेंब नाही." घरी येऊन मी हिशेब मांडला. वर्षाला २४ पेग, एक पेग ३० मिली, म्हणजे ७२० मिली. बाटली येते ७५० ची. म्हणजे वर्षाला एकच बाटली, आणि तळाशी एक पेग शिल्लक. आता किती वर्षं आहेत कुणास ठाऊक, पण असतील तितक्याच बाटल्या. मग ती बाटली कोणती, हा प्रश्न साधा राहत नाही बघा.

पहिला मान रमचा. १९७३ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. घरात अण्णा चहासुद्धा दिवसातून एकदाच घेणारे. सुभेदारकाकांकडे कॅन्टीनची रम असायची. डिसेंबरातली बेळगावची थंडी, पितळी पेल्यात गरम पाणी आणि त्यात ती काळपट रम. बाकी काही नाही. "औषध म्हणून घे की," असं म्हणत त्यांनी पहिला पेला हातात दिला. पुढे नोकरीत ओल्ड मंक आली. १९५४ पासून बाजारात असलेली, गूळ आणि व्हॅनिलाच्या मधल्या कुठल्यातरी वासाची. रमबद्दल माझं मत अजून चांगलं आहे, कारण ती आपलं मूळ लपवत नाही. उसाच्या मळीपासून होते आणि तसं सांगते. आम्ही तर ऊसपट्ट्यातलेच. गळीत हंगामात कारखान्याच्या बाजूने वारा आला की मळीचा वास गावभर.

व्हिस्कीचं तसं नाही. आमच्या उमेदीच्या काळात जी जी देशी व्हिस्की प्यालो, प्रमोशनला, बदलीच्या निरोपाला, ऑडिटरला खूश ठेवायला, त्यातल्या बहुतेकींचा पाया मळीचंच अल्कोहोल. त्यात थोडा माल्ट, थोडा कॅरॅमलचा रंग. म्हणजे सख्खी रमची बहीण, पण नाव सासरचं. युरोपात धान्यापासून झाली नसेल तर तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. आता आपल्याकडेही बऱ्याच जागी धान्याचं अल्कोहोल वापरतात, पण तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाटलीवर ४२.८ टक्के आणि ७५ डिग्री प्रूफ असं वाचायचं आणि मोकळं व्हायचं. (हा ४२.८ चा आकडाही गमतीचा. जुन्या इंग्रजी मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ टक्के काढा, बरोबर ४२.८ येतात. राज्य गेलं, पण त्यांचा हिशेब बाटलीवर राहिला.) बँकेच्या भाषेत सांगायचं तर स्टॉक स्टेटमेंटमध्ये एक माल आणि गोदामात दुसरा. असं खातं मी कधी पास केलं नाही, मग बाटली कशाला करू?

बंगळुरूला शेवटच्या काही वर्षांत बदली झाली आणि अमृत या कंपनीचं नाव कानावर आलं. १९४८ साली ती सुरू करणारे राधाकृष्ण जगदाळे. आडनाव वाचून तुमच्याही भुवया वर गेल्या असतील. त्यांचा नातू इंग्लंडात एमबीए करत असताना तिथे भारतीय सिंगल माल्ट खपेल का याची चाचपणी झाली आणि २००४ साली ती चक्क ग्लासगोत बाजारात आणली. म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखं. २०१० च्या जिम मरे यांच्या व्हिस्की बायबलने त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरा क्रमांक दिला, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी वळून बघितलं. फ्यूजनमध्ये आपलं बार्ली आणि स्कॉटलंडचं धुरावलेलं बार्ली दोन्ही असतं. मी ती रिटायर झाल्यावर प्यालो. पहिला घोट जड, मग जिभेवर संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी रेंगाळतं. आवडली. पण मला त्यातला हिशेब जास्त भावला. लाकडी पिंपात ठेवलेली दारू दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडात साधारण दोन टक्के, बंगळुरूच्या हवेत दहा-बारा. म्हणजे तिकडे बारा वर्षं मुरवतात तेवढी इकडे ठेवली तर पिंपात काय राहणार! इतका घसारा सोसूनही माल चोख देतात, याला धंदा म्हणतात.

गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉनही चांगली, जरा गोडसर, नवख्याला सोपी. स्कॉच भाचा आणतो. एकदा त्याने लाफ्रॉइग आणली. ग्लास नाकाशी नेला आणि ड्रेसिंगच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं, टिंक्चर आयोडीनचा वास. त्यांना तो प्राणप्रिय असेल. मला स्टेंटचे दिवस आठवतात.

आता खरी गोष्ट. १९८४ ते ८७ मी वाळपईला होतो, गोवा अजून केंद्रशासित असताना. सत्तरी म्हणजे काजूचा मुलूख. आमचा एक खातेदार भट्टीवाला. सरकार काजूच्या भागांचा लिलाव करतं, तिथे त्याला पावणी म्हणतात. ती भरायला त्याला दर जानेवारीत कर्ज लागे. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी सरळ 'फेणी भट्टी' लिहिलं. वरून शेरा आला, पण कर्ज मंजूर झालं. जूनच्या पहिल्या पावसाला भट्टी विझायची आणि त्याच आठवड्यात तो पैसे घेऊन काउंटरवर हजर. तीन वर्षांत एकदाही स्मरणपत्र पाठवावं लागलं नाही.

तपासणीला म्हणून गेलो आणि तिथेच अडकलो. झाडावरून तोडलेलं फळ घेत नाहीत, पिकून आपोआप पडलेलंच उचलायचं. बी पिळून वेगळी करायची आणि बोंडं दगडी कोळंबीत पायांनी तुडवायची. रस मडक्यांत दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, त्यात बाहेरचं यीस्ट नाही, साखर नाही. मग भाण्यात घालून लाकडाच्या जाळावर उकळायचा. वाफ थंड होऊन जे पहिलं उतरतं ते हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचं. त्यात पुन्हा आंबलेला रस मिसळून उकळलं की फेणी, बेचाळीस-त्रेचाळीसची. त्याने पेल्यात उंचावरून धार धरली. कडेला मोत्यांसारखे बुडबुडे आले आणि टिकले. मग दोन थेंब माझ्या तळहातावर टाकून म्हणाला, "मॅनेजर बाब, नाक लावन पळयात." हात चोळून वास घेतला. काजूचं बोंड, ओली माती आणि धूर. तेव्हा फेणीला कागदोपत्री देशी दारू म्हणत. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला हेरिटेज पेय म्हटलं. भट्टीवाल्याच्या हातचं मात्र काही बदललं नव्हतं.

खरं विचाराल तर माझं सगळ्यात आवडतं हुर्राक. गार, लिमका, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. पण ते पावसाळ्यापलीकडे टिकत नाही आणि वर्षभराची बाटली म्हणून उपयोगाचं नाही.

या सगळ्यात एक माणूस सांगायचा राहिला. आमच्याच शाखेतला कॅशियर, हाताला इतका चोख की शंभराच्या गड्डीत नोट कमी असली तर वजनावरून सांगायचा. त्याला रम, व्हिस्की, फेणी सगळं सारखंच होतं, चवीचं काही नव्हतं. वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. त्याच्या बायकोच्या फॅमिली पेन्शनचे कागद मी भरले. आमच्या हिने त्या दिवसापासून कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवली, ती आजतागायत. मीही कधी मागितली नाही.

तर मी फेणी ठरवली. फ्यूजन दुकानात कधीही मिळेल, माझ्यानंतरही. फेणीचं तसं नाही. तो भट्टीवाला आता ऐंशीच्या पुढे आहे. थोरला मुलगा दुबईत, धाकटा पणजीत नोकरीला. गेल्या मे महिन्यात चोर्ला घाटाने गेलो तेव्हा कोळंबी कोरडी होती, बोंडं झाडाखाली सडत होती. उचलायला माणसं नाहीत, म्हणाला. स्वतः मात्र दोन भाणी उतरवली होती, ओळखीच्या चार घरांपुरती. परवाना काढून एक बाटली आणली. पुढच्या वर्षीची आत्ताच सांगून ठेवू का विचारलं, तर हसला, आणि म्हणाला, "तुम्ही या तर."

बाटली हिच्या कपाटात आहे. महिन्यातल्या दोन शनिवारी ही स्वतः मोजून ३० मिली काढून देते, ग्लास माझ्या हाती देताना पदर नाकाला लावते, आणि तो ग्लास वेगळा घासायचा असं मोलकरणीला बजावते.