एकाखाली एक चार आकडे

आमच्या वंध्यत्वाच्या ओपीडीत बाई येते ती प्लास्टिकची पिशवी घेऊन. पाच-सहा वर्षांच्या सोनोग्राफ्या, एचएसजीच्या (गर्भनलिकांच्या एक्स-रेच्या) फिल्म, शाई उडालेल्या चिठ्ठ्या. मिस्टरांचा रिपोर्ट विचारला की उत्तर ठरलेलं : ‘‘नॉर्मल होता मॅडम, घरीच राहिला.’’

माझ्याच एका पेशंटचे जुने केसपेपर मी कॉम्प्युटरवर चढवत होते. चारही महिने फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) छान वाढलेलं, १९-२० मिलिमीटर. त्या-त्या दिवशी तेवढं पाहूनच मी समाधान मानलं होतं. आता गर्भाशयाच्या अस्तराची जाडी एकाखाली एक आली : ६, ५.८, ६.१, ५.९ मिलिमीटर. चारही वेळा क्लोमिफेन, म्हणजे स्त्रीबीज वाढवणारी गोळी, दिलेलं. त्या गोळीने अस्तर पातळ राहू शकतं, हे मला शिकत असल्यापासून ठाऊक. आकडेही माझ्याच अक्षरातले. पण दर खेपेला माझ्यासमोर एकच कागद असायचा. गोळी बदलायला चार महिने गेले, आणि बाई छत्तीस वर्षांची. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

असं मोठ्या प्रमाणावरही घडलंय. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून १९७८ मध्ये देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली; सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या यशात स्वतः सहभागी असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं तपासली आणि पहिला मान त्यांना दिला. मुखोपाध्याय तोवर हयात नव्हते. लिहिलेलं वेळेत वाचलं न जाणं किती महाग पडतं, ते मला इथे दिसतं.

आता आमच्याकडे कॉम्प्युटरवर नवरा-बायकोची फाइल एकच. वीर्यतपासणीची तारीख भरल्याशिवाय पुढचे उपचार लिहिताच येत नाहीत. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण निघतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून खराब रिपोर्ट तीन महिन्यांनी पुन्हा करायचा, याची आठवणही स्क्रीनच देतो. सासूबाई सोबत आल्या असतील तर तो स्क्रीन मी वळवून घेते. लग्नाआधीचा गर्भपात, शून्य शुक्राणू : या गोष्टी त्या दोघांच्या आहेत, घराच्या नव्हेत. फाइल कोण उघडू शकतो, हे ठरवणं मला औषधाच्या डोसइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असाल, तर दोघं मिळून या. मिस्टरांचा रिपोर्टही पिशवीत असू द्या. जुना चालेल, फक्त त्यावर तारीख हवी.