शामर

हिब्रूच्या शब्दकोशात 'शामर' काढलं की अर्थांची रांग लागते: राखणे, पाळणे, जपणे, सांभाळणे. शिकवणीला आलेलं नवं पोर ते सगळे पाठ करतं आणि पहिल्याच वाक्यात अडखळतं. माझ्या मते हे क्रियापद कोशातून शिकूच नये. त्याच्यासोबत काय येतं, ते बघत शिकावं.

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा तर 'शामर'ला थेट कर्म लागतं. मूल सांभाळायचं, घराची राखण करायची, तर मध्ये 'अल' येतो, म्हणजे 'वर'. 'शमोर अल अत्स्मेखा', स्वतःची काळजी घे. हे झालं पुस्तकी. इस्राएलमध्ये रोजच्या बोलण्यात आज्ञार्थाऐवजी बहुधा भविष्यकाळच वापरतात: 'तिश्मोर ली माकोम', माझी जागा धर. बाईला सांगायचं तर 'तिश्मेरी'. मूळ तीन व्यंजनं, शीन, मेम, रेश, तेवढी जागची हलत नाहीत.

हलतो तो कधीकधी प्रत्यय. 'हित' लावून रूप करायला जावं तर 'हित्शामेर' होत नाही, 'हिश्तामेर' होतं. त आणि श जागा बदलतात. नुकसानीचं 'नुसकान' करणाऱ्या मराठी जिभेला हे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या बेने इस्राएल ज्यूंना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. हिब्रू बहुतेक विसरलेली, 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडात. क्रियापद ठाऊक नव्हतं, पाळणं मात्र चालू होतं. व्याकरण आलं ते नंतर: मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं ते १८३२ मध्ये.

दहा आज्ञांत तर गंमतच आहे. शब्बाथविषयी बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात 'झाखोर' आहे, आठवण ठेव. 'अनुवाद' या पुस्तकात त्याच जागी 'शामोर', पाळ. आणि हा 'शामोर' साधा आज्ञार्थ नव्हेच. त्याला पुरुष नाही, लिंग नाही, वचन नाही. नुसती क्रिया समोर ठेवलेली. 'शमोर' आणि 'शामोर' यांतला हा फरक शिकवायला मी मुद्दाम वेळ काढतो. घाईने वाचणाऱ्याला तो उच्चाराचा फरक वाटतो.

या धातूची सगळी गोतावळ एकत्र भेटते ती पेसाहच्या सणाला. ती रात्र 'लेल शिमुरिम', जागत्या राखणीची. आजच्या हिब्रूत 'शिमुरिम' म्हणजे डबाबंद पदार्थसुद्धा, त्यामुळे वर्गात दरवर्षी कुणीतरी 'डब्यांची रात्र' असा अर्थ लावतंच. ताटात 'मात्झा शमुरा' असते: गहू कापल्यापासून त्याला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून राखलेली. आणि सणाआधी आंबवलेलं सारं घराबाहेर काढायचं असतं, त्यात यीस्टही येतं. त्याचं हिब्रू नाव 'श्मारिम'. अक्षरं तीच तीन.