मधली गावं

डहाणूच्या एसटी स्टँडवर एक फ्रेंच जोडपं जव्हारच्या गाडीपाशी उभं होतं. बाईंच्या हातात वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर कुणीतरी देवनागरीत लिहून दिलेलं: गंजाड, कळंबीपाडा. गाडीच्या पाटीवर गंजाड नव्हतंच. बाई आधी कंडक्टरला ‘बोंजूर’ म्हणाल्या, मग पान पुढे केलं. त्याने ते वाचलं आणि एवढंच म्हणाला, “चढा, मी सांगतो.”

फ्रेंचमध्ये रस्ता विचारायचा धडा मीही कधी घोकला होता. आधी बोंजूर, मग माफी, मग प्रश्न. बोंजूर गाळलं तर पॅरिसमध्ये उत्तराआधी थंड नजर मिळते. अनोळखी माणसाला कायम ‘व्हू’, म्हणजे आपलं अहो-जाहो. ‘आ द्र्वात’ उजवीकडे आणि ‘तू द्र्वा’ सरळ. कान तयार नसला की माणूस भलत्याच गल्लीत. तिथल्या मेट्रोत मात्र डावं-उजवं विचारावंच लागत नाही. गाडी शेवटच्या स्टेशनाच्या नावाने ओळखायची. एक नंबरच्या लाइनला एका टोकाला ला देफाँस, दुसऱ्याला शातो द व्हँसेन. आपल्याकडेही तेच. २०१३च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून फलाटावर ‘विरार का चर्चगेट?’ एवढंच ऐकू येतं. वाणगाव, उमरोळी, केळवे रोड यांच्या नावाची गाडी नाही. मला या मधल्या स्टेशनांचं उगीच वाईट वाटतं.

तलासरी तालुक्याच्या गावाला तर रेल्वेही नाही. सकाळी हायवेवर वापी-उमरगामच्या कंपन्यांत जाणारी पोरं उभी असतात. मराठीत विचारावं, गुजरातीत उत्तर यावं, मध्येच कुणी हिंदीत दुरुस्ती करावी. आत जंगलपट्टीत गावाचं नाव पुरत नाही. एकेका गावाचे पाडे लांब लांब विखुरलेले. पाडा विचारला की उलटा प्रश्न येतो, कुणाकडे जायचंय? माणसाचं नाव सांगितलं की रस्ता मिळतो. विचारणारी म्हातारी वारली समाजातली असेल तर कलेक्टरलाही ‘तू’च म्हणेल. ‘व्हू’ घोकवणाऱ्या आमच्या बाईंना इथे एकदा आणायला हवं होतं.

ते जोडपं कुणाकडे निघालं होतं हे न विचारताच कळत होतं. कळंबीपाडा म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. आई गेली तेव्हा हा पोरगा बोलायचाच थांबला. कित्येक वर्षं जे सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. वारल्यांत लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा तो बायकांनी. हा पुरुष रोज चित्रं काढू लागला, लग्न नसतानाही. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. १९८९ला पॅरिसमध्ये पोंपिदू सेंटर आणि ला व्हिलेत ‘माजिसियँ द ला तेर’ हे जगभरच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची चित्रं होती. चालणं हीच ज्याची कला तो इंग्रज रिचर्ड लाँगही २००३मध्ये इकडे आला. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नसणार, तरी दोघांचं प्रदर्शन झालं. मशेंचं मासेमारीचं जाळं मी फार वेळ पाहत बसते. कागदभर पसरलेले बारीक बारीक पांढरे धागे. त्यात शिरायचं कुठून आणि निघायचं कुठून हे बोटाने शोधावं लागतं, आणि बोट नेहमी मध्येच कुठेतरी अडतं. २०१८ला मशे गेले. मला त्या जाळ्यापुढे मुंबईच्या गॅलऱ्यांतली बरीचशी मोठी कॅनव्हासं पोकळ वाटतात, हे आपलं माझं मत.

गंजाडला कंडक्टरने घंटी मारली. पुढच्या बाकावरची एक बाई टोपली घेऊन त्यांच्याआधी उतरली आणि हाताने ‘या’ म्हणाली. ती पुढे, ते मागे. जोडप्याने तिलाही काहीतरी लांबलचक, अदबीचं विचारलं. ती म्हणाली, “चाल.”

मी मात्र त्याच गाडीने पुढे कासाला जात होते आणि डहाणूहून निघताना घेतलेले घोलवडचे चिकू बाकाखाली घरंगळत होते. एक ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन पोचला.