सौदा कोणाच्या फायद्याचा?

अमेरिकन फुटबॉल पाहणारे आमच्यात चार-पाच जण आहेत. खेळापेक्षा आमचे वाद रंगतात ते सौद्यांवर.

तिथे कॉलेजातून येणारे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या हंगामात जो संघ तळाला, त्याचा नंबर पहिला. (इथे मेरिटचे काय, असे तिथले मालक विचारत नाहीत.) हा नंबर किंवा त्यावर निवडलेला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन मोबदला घेता येतो. मोबदला रास्त की नाही हे ठरवायला डॅलस संघाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ताच केला. पहिल्या नंबरला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००. दोन्हीकडची बेरीज जुळली की सौदा रास्त.

त्याच हिशेबी नजरेने आम्ही डिसेंबर १९६१चा एक जुना सौदा तपासला. वॉशिंग्टनने पहिल्या नंबरवर एर्नी डेव्हिसला निवडले आणि क्लीव्हलँडला देऊन टाकले. बदल्यात बॉबी मिचेल आणि लिरॉय जॅक्सन घेतले. डेव्हिसला रक्ताचा कर्करोग निघाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता तो १९६३ साली, २३व्या वर्षी गेला. मिचेलने पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक झेल घेतले. वॉशिंग्टनने बाजी मारली, असा निकाल आम्ही देऊनही टाकला.

मग एकाने विचारले, पण पहिला नंबर वॉशिंग्टनकडे आला कसा?

इथे आमची मान खाली गेली. ज्या १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, त्याच साली या लीगची दारे कृष्णवर्णीयांना पुन्हा उघडली. बाकीचे संघ एकेक करत बदलले. वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी मात्र १९६१पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही. गुणी माणसे दाराबाहेर ठेवली आणि त्या वर्षी १४ सामन्यांत एकच जिंकला. संघ तळाला गेला, म्हणून पहिला नंबर मिळाला. म्हणजे भेदभावाने केलेले नुकसान ड्राफ्टने भरून दिले, आणि तेही एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या रूपाने! तक्त्यात हे कुठे दिसणार? तो नंबर मोजतो, नंबर कुठून आला हे विचारत नाही. ज्याची अदलाबदल झाली त्याची संमती तर सौद्याला लागतच नव्हती.

मार्शल यांचे हृदयपरिवर्तन झाले नव्हते. संघाचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. गृहखात्याचे नव्हे, तिथल्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी बजावले, भेदभाव सोडा, नाहीतर स्टेडियम विसरा. तेव्हा कुठे १९६२ साली मिचेल वॉशिंग्टनकडून मैदानात उतरले. जे मालक त्यांना घ्यायलाच तयार नव्हते, त्यांनाच या सौद्याचा सर्वांत मोठा लाभ झाला.

खाजगी क्षेत्रात आरक्षण मागितले की आपल्याला सांगतात, कंपनी आमची, माणसे आम्ही निवडू. एमआयडीसीतला सवलतीचा भूखंड कोणाचा, हे मात्र कोणी बोलत नाही. आमच्यातला एक अजून म्हणतो की सरकारी दट्ट्याने झालेला बदल टिकत नाही. त्याला आम्ही मिचेल यांची १९६२ची आकडेवारी पाठवली आहे. उत्तर आलेले नाही.