फक्त चालून

चालण्याच्या शर्यतीतला माणूस पहिल्यांदा पाहिला की हसूच येतं. कंबर डावी-उजवीकडे, कोपरं काटकोनात, पाय ताठ... आमच्या रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर कुणी असं चालायला लागलं, तर दोन मिनिटांत चार पोरं मागून नक्कल करतील. आणि एखादे काका "काय रे, कंबरेत उसण भरली काय?" असं विचारतीलच! कोकणात टर उडवायला मुहूर्त लागत नाही.

पण त्या चालीमागे नियम आहेत. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं दिसलं पाहिजे. पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी बघतात. म्हणजे अंगात पळायची ताकद असताना न पळणं, हीच खरी परीक्षा.

या खेळातला माझा आवडता माणूस इक्वेडोरचा जेफरसन पेरेस. गाव क्वेंका, डोंगरातलं. १९९६ मध्ये अटलांटाला, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने २० किलोमीटर १ तास २० मिनिटं ७ सेकंदांत चालून सुवर्ण मिळवलं. त्याच्या देशाचं हे पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. हा वेग कळायचा असेल तर असं बघा: आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी ते गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर. त्या वेगाने १०० मिनिटांत गणपतीसमोर हजर, तेही चालत!

जिंकल्यावर पठ्ठ्याने काय केलं? देवाचे आभार मानायला राजधानी क्विटोपासून क्वेंकापर्यंत सुमारे ४५० किलोमीटर पायी गेला. वारीच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मग सिडनी २०००, चौथा. अथेन्स २००४, पुन्हा चौथा. मधे २००३, २००५ आणि २००७ मध्ये जागतिक अजिंक्यपद. आणि २००८ ला बीजिंगमध्ये, ३४ व्या वर्षी, रौप्य. २०२१ पर्यंत इक्वेडोरच्या खात्यात दोनच ऑलिंपिक पदकं होती, दोन्ही याचीच.

आपल्याकडेही असे लोक आहेत. चांद राम यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये २० किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं. के. टी. इरफान लंडन २०१२ ला दहावा आला. प्रियांका गोस्वामीने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी यातली किती नावं माहीत आहेत ते विचारून बघा.

नाव माहीत नसलं तर बिघडतं काय? सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २० किलोमीटर चालण्याचं सुवर्ण डॅनियल पिंटाडोने जिंकलं. तोही क्वेंकाचाच. पेरेसमुळे त्या गावात अशी चाल हा चेष्टेचा विषय राहिला नव्हता. खेळाडूच्या लोकप्रियतेचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो. पोस्टर वगैरे ठीक आहे हो, पण पुढच्या पोराला कुणी हसत नाही, हे मोठं.

भाट्यावर कुणी तसं चालताना दिसलं तर निदान आपण हसायचं नाही. एवढं तर जमेल?