पांढरे बूट

परवां माझा नातू आपले कॅनव्हासचे मळके बूट कपड्यांबरोबर धुण्याच्या यंत्रांत टाकूं लागला, तेव्हां मीं त्याचा हात धरला. "आजोबा, कापडच तर आहे तें!" तो म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण अर्धेंच खरें होतें. आणि हें अर्धें सत्य लहानपणीं मला एकदां फार महाग पडलें होतें.

गोष्ट १९६४ सालची. पुण्यांतील आमच्या वाड्यांतून आम्ही सख्खे-चुलत मिळून पांच भाऊ शाळेंत जात होतों. शनिवारीं सकाळीं कवाईत असे आणि तिला पांढरे बूट लागत. बुधवारीं रात्रीं न्हाणीघराच्या दाराशीं दहा मळके बूट जमत व शनिवारीं सकाळीं ओसरीवर ते शुभ्र होऊन रांगेनें उभे असत. मधल्या दोन दिवसांत त्यांचें काय होई, हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत कधीं आला नाहीं. तें काम धाकट्या काकू करीत.

शाळेच्या शर्यतींच्या आठवड्यांत काकूंना अचानक माहेरीं जावें लागलें आणि थोरला म्हणून तें काम माझ्यावर आलें. मी तेरा वर्षांचा होतों. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारीं दिवेलागणीला मला बुटांची आठवण झाली. काकूंचे दोन दिवस मीं एका रात्रींत बसविण्याचें ठरविलें. विहिरीसाठीं आणलेली ब्लीचिंग पावडर कढत पाण्यांत कालविली, तींत बूट बुडविले, खसाखसा घासले, आणि चुलीच्या उबेला मांडून निर्धास्त झोंपीं गेलों.

सकाळीं पाहतों तों बुटांवर पिवळे ओघळ! धाकट्या चुलतभावाच्या जोडाची तर दशाच झाली होती. माझ्यापासून उतरत उतरत तो जोड त्याच्यापर्यंत आलेला; त्यांतल्या एका बुटाचा रबरी तळ टांचेकडून सुटला होता. त्यानें मुकाट्यानें त्यावर सुतळी गुंडाळली. शर्यतींत तो सर्वांच्या पुढें होता. शेवटच्या वळणावर सुतळी तुटली, तळ दुमडला आणि तो तोंडघशीं पडला. घरीं त्यानें "ठेंच लागली" एवढेंच सांगितलें. गुडघ्यांना हळद लावली गेली. मी शेजारीं उभा होतों आणि गप्प राहिलों.

काकू परत आल्या. त्यांनीं तो बूट हातांत घेतला, नाकाशीं नेला आणि मला एकट्याला माडीवर बोलाविलें. मीं सारें कबूल केलें. त्या रागावल्या नाहींत. "हें बघ," त्या म्हणाल्या, "ह्यांत तिघेजण एकत्र नांदतात. कापड, रबर आणि त्यांना जोडणारें सोल्यूशन. कापड पाण्याला भीत नाहीं. पण रबराला कडक ऊन सोसत नाहीं आणि सोल्यूशनला आंच सोसत नाहीं. तिघांत जो नाजूक, त्याच्या बेतानें वागावें लागतें." भरल्या घरांत सून म्हणून बारा वर्षें काढलेल्या त्या बाईला हें ज्ञान केवळ बुटांवरून झालें नसावें, हें मला फार पुढें कळलें.

पुढच्या बुधवारपासून त्यांनीं मला हाताशीं घेतलें. आधीं नाड्या काढून वेगळ्या धुवावयाच्या. चिखल ओला असेल तर वाळूं द्यावयाचा व कोरड्या ब्रशानें झाडावयाचा. ओला घासला तर तो विणींत जाऊन बसतो. मग गार पाणी, रिठ्याचा फेंस आणि मऊ ब्रश. त्यानंतर पाणी अगदीं स्वच्छ निघेपर्यंत खळबळावयाचें. बूट वाळूं लागला म्हणजे आंतलें पाणी पृष्ठभागाकडे येतें व राहिलेला साबण आणि मळ बरोबर आणतें. पाणी उडून जातें, मळ तेथेंच राहतो. पिवळे ओघळ पडतात ते असे. म्हणून काकू बुटांत जुन्या धोतराचे बोळे कोंबीत, वरून कोरा पांढरा कागद गुंडाळीत आणि बूट वाऱ्यावर, पण सावलींत ठेवीत. मळ कागदावर उतरे, बूट पांढरा राही. अखेरीस शुक्रवारीं रात्रीं खडूच्या पुडीचा पातळ हात. क्लोरीन सुताचा धागाच कमकुवत करतो, हें मला कॉलेजांत समजलें. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ति चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्यें सांपडली; पण त्या रबरालाहि ऊन कालांतरानें तडे पाडतेंच, हेंहि तेथेंच शिकलों. काकूंना हें सारें पुस्तकावांचून ठाऊक होतें.

मात्र त्या दिवशीं माडीवरून उतरण्यापूर्वीं त्या एवढेंच म्हणाल्या होत्या, "मला सांगून काय उपयोग? पडला तो."

मीं भावाजवळ गेलों आणि सांगितलें. तो म्हणाला, "दादा, मला सकाळींच वास आला होता. पण बोललों असतों तर काकांनीं तुला मारलें असतें."

नातवाचे बूट आम्ही दोघांनीं मिळून धुतले. "अजून वाळले नाहींत?" असें तो रोज विचारी. तिसऱ्या दिवशीं कागद सोडला, तर तो पिवळा पडलेला आणि बूट लख्ख पांढरे. रात्रीं मीं भावाला फोनवर ही हकीकत सांगितली. आतां तोहि आजोबा झाला आहे. तो हंसला आणि म्हणाला, "दादा, त्या दिवशीं सुतळी तेवढी जाड घ्यावयास हवी होती."