फटीचा आवाज

वरातीतले बँडवाले दम खायला थांबले आणि तेवढ्या शांततेत गाडी ऐकू आली. झेंडूच्या माळांनी झाकलेली क्रीम रंगाची पद्मिनी, आणि बॉनेटखालून टिक-टिक-टिक. पुन्हा ताशा कडाडला; माझा कान मात्र तिथेच राहिला.

आमची पद्मिनीही वाजायची. कुर्ल्याच्या कारखान्यातलं ते १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व. आयडलला ८०० फेरे धरले तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणजे एकेक व्हॉल्व मिनिटाला ४०० वेळा उघडतो. म्हणून व्हॉल्व ढकलणाऱ्या टॅपेटची चालही निम्मी. क्रँकवरच्या बिग एंड बेअरिंगची ठोकर खोल, पोटातून येते. टॅपेट वरच्या वर शिलाई मशीनसारखा वाजतो.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आधी लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटलेले. मग टॅपेट कव्हर काढून चालू इंजिनात, तेलाचे शिंतोडे अंगावर घेत, एकेका रॉकरखाली फट मोजायची फीलर गेजची पाती सरकवायचे. पहिला, दुसरा, काही फरक नाही. तिसऱ्याखाली पाती गेली की आवाज विझायचा. काढली की परत सुरू. सापडला! मग इंजिन बंद. गाडी टॉप गिअरला टाकून मी ढकलायचो, इंच इंच, आणि मिस्त्री मोजायचे. आठवा पूर्ण उघडला की पहिला लावायचा, सहावा उघडला की तिसरा. बेरीज नेहमी नऊ. नवाची ही गंमत मला शाळेच्या आधी तिथे कळली.

एकदा तिसरा लावूनही वाजत राहिला. पाती म्हणे माप बरोबर. मिस्त्रींनी रॉकरच्या टोकावरून नख फिरवलं, मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. झिजून वाटीएवढा, म्हणजे मुंगीच्या वाटीएवढा, खळगा पडला होता. पाती सपाट; ती खळग्याच्या दोन काठांवर पूल टाकून बसत होती आणि खालची फट तिला कळतच नव्हती. त्या दिवसापासून मापापेक्षा नखावर माझा विश्वास जास्त आहे.

वडिलांना घाई असायची. "मिस्त्री, जरा आवळून टाका, आवाज तर जाईल."

"वकीलसाहेब, वाजतंय त्याचं काय न्हाई. गप्प बसलंय त्याची भीती धरा."

का, ते त्यांनी जळका एक्झॉस्ट व्हॉल्व हातात देऊन दाखवलं. कडेचा एक लचका वितळून गेलेला, उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा. तापलं की लोखंड वाढतं, म्हणून रॉकर आणि व्हॉल्वच्या मध्ये फट ठेवायची, मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा. फट नसेल तर व्हॉल्व सीटवर पुरता टेकत नाही. आणि अंगातली बहुतेक आग तो त्या सीटलाच टेकून देत असतो. टेकायला मिळालं नाही की जळतो. आवाज न करता.

जाड ऑइल ओतून टॅपेट गप्प करणारे गॅरेजवाले मला म्हणूनच आवडत नाहीत. झीज तशीच राहते, फक्त ती सांगणारा गप्प होतो.

वाजणारा एक व्हॉल्व आमच्या घरातही होता. आत्याच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. लहानपणच्या सांधेतापाने तिची मूळची झडप निकामी झाली होती. दिवसा काही कळायचं नाही. रात्री पंखा बंद झाला की खोलीभर ऐकू यायचं, बारीक, काचेवर नख वाजवल्यासारखं. मुलांना झोप लागावी म्हणून ती छातीशी उशी कवटाळून निजायची. सगळे झोपले की मी ती उशी हळूच बाजूला सरकवायचो.